ताट, पाट आणि एक पितळी गडू

१/
आजच्या धाग्यात किल्ला नाही, लढाई नाही, सनदही नाही. आजचा विषय घरातल्या वस्तूंचा आहे: आजीची माळ, पणजीचे भांडे, आजोबांच्या पेटीतला कागदांचा गठ्ठा. या वस्तू देणारे माणूस हयात असतानाच त्याच्या हातून घ्याव्यात की त्याच्या पश्चात घराबरोबर आपल्याकडे येऊ द्याव्यात, असा प्रश्न आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकते. घ्याव्यात; आणि इतिहासाची आवड असणाऱ्याने तर अवश्य घ्याव्यात.

२/
तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत माझ्या आजीने फडताळातून एक पितळी गडू काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "हा तू घेऊन जा. ह्याची एक गोष्ट आहे." त्यावर मी तेच म्हणाले जे आपण सगळेच म्हणतो. "आत्ता कशाला, आजी? अजून खूप वर्षं वापरायचाय तुला." ती हसली. पदराने गडू पुसला आणि परत फडताळात ठेवून दिला. आपण किती समजूतदारपणे बोललो, असे मला त्या वेळी वाटले होते.

३/
पुढच्या पावसाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. त्यानंतर ती दीड वर्ष होती. माणसे ओळखत असे, हात धरून ठेवत असे. पण वाचा गेली ती गेलीच. गडू आता माझ्याकडे आहे. त्याच्या गळ्याभोवती टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरे आहेत: 'द्वा. ग. मिरज. शके १८५३'. म्हणजे इ. स. १९३१-३२. आमच्या घराण्यात 'द्वा'ने सुरू होणारे नाव कोणाचेच नाही. मिरजेशी आमचा काय संबंध, हेही कोणाला ठाऊक नाही. द्वारकाबाई की द्वारकानाथ, एवढेसुद्धा सांगता येत नाही.

४/
हा गडू हाती घेऊन बसले की मला वर्गात शिकलेले ताम्रपट आठवतात. राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा शके ६७५ चा (इ. स. ७५३-५४) सामानगड ताम्रपट आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातला. त्या काळातल्या दानलेखांचा साचा पाहा. दाता कोण, त्याचा वंश कोणता. प्रतिग्रहीता कोण, त्याचे गोत्र, त्याच्या वडिलांचे नाव. काय दिले, त्याच्या चतुःसीमा. तिथी, पर्व, हेतू. दान आचंद्रार्क चालावे, ही इच्छा. आणि ते मोडणाऱ्याला शाप.

५/
आता आपल्या घरातली भांडी पाहा. लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात दिलेल्या भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आपल्याकडे अगदी परवापर्यंत होती. पुण्याच्या तांबट आळीत आणि गावोगावच्या भांड्यांच्या दुकानांबाहेर छिन्नी-हातोडी घेऊन नावे घालणारे कारागीर बसत. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, प्रसंग, तारीख. हा ताम्रपटाचाच साचा आहे. शाप तेवढा गाळलेला आणि वंशावळीच्या जागी 'सप्रेम भेट'. जी माणसे कोणत्याही दप्तरात नाहीत, त्यांचा कोरीव लेख स्वयंपाकघरातल्या मांडणीवर असतो, आणि आपण त्यात पाणी पितो.

६/
फरक एवढाच की ताम्रपट परक्या माणसालाही समजावा म्हणून लिहिलेला असे. भांड्यावरचा लेख घरच्यांसाठी असे. म्हणून त्यात आद्याक्षरे पुरत. बाकीचा मजकूर माणसाच्या तोंडी असे. लेखाचा अर्धा भाग धातूवर आणि अर्धा भाग आजीच्या स्मरणात; आणि मी अर्धाच जपून ठेवला.

७/
दानलेखांतली आणखी एक बाब. दान देताना दाता प्रतिग्रहीत्याच्या हातावर उदक सोडत असे. 'उदकपूर्वक' दिले, अशी नोंद कितीतरी लेखांत सापडते. आपण आजही 'हक्कावर पाणी सोडले' म्हणतो ते या विधीवरून. आता मात्र त्यात हळहळ अधिक असते, देण्याचा आनंद हरवला आहे. पण पाणी सोडायला दोन हात लागतात, एक वर आणि एक खाली. घेणाराने हात पुढे केल्याखेरीज दान पुरे होत नाही.

८/
हे निव्वळ कर्मकांड नव्हे. आजचा कायदाही जवळपास हेच सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम १२२: दान म्हणजे बक्षीस स्वीकारले गेले पाहिजे, आणि तो स्वीकार दात्याच्या हयातीत व तो देण्यास समर्थ असतानाच झाला पाहिजे. 'हयातीत' एवढेच म्हणून कायदा थांबत नाही. 'समर्थ असताना' असेही म्हणतो. हे कलम मी वाचले तेव्हा आजीला जाऊन चार महिने झाले होते. तिच्या शेवटच्या दीड वर्षाचे इतके नेमके वर्णन मला दुसरे कोठेही आढळलेले नाही.

९/
दागदागिने, भांडीकुंडी अशा जंगम वस्तूंना नोंदणीकृत दस्त लागतोच असे नाही. कलम १२३ प्रमाणे वस्तू हाती सोपवली तरी पुरते. मुस्लिम कायद्यातील हिबा याचीही तीन अंगे तीच: देण्याची इच्छा, स्वीकार आणि प्रत्यक्ष ताबा. इतक्या परंपरांनी स्वीकाराला एवढे महत्त्व द्यावे, आणि आपण मात्र 'आत्ता कशाला' म्हणून हात मागे घ्यावा, हे मला चमत्कारिक वाटते.

१०/
यावर कोणी म्हणेल, वारसाहक्क आहेच ना. आज ना उद्या वस्तू येणारच. तर मग थोडे धर्मशास्त्रात शिरू. वारशासंबंधी दोन मोठे पंथ. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळातील विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' म्हणते, पुत्राचा वडिलार्जित धनावरील हक्क जन्मतःच निर्माण होतो. बंगालकडील जीमूतवाहनाचा 'दायभाग' म्हणतो, पित्याच्या निधनानंतर. जन्मस्वत्व आणि उपरमस्वत्व. महाराष्ट्र मिताक्षरेच्या बाजूचा.

११/
शतकानुशतके चाललेल्या या वादात एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. एकाने जन्माकडे बोट दाखवले, दुसऱ्याने मृत्यूकडे. या दोन्हींच्या मध्ये, चालत्याबोलत्या आयुष्यात, हाताने हातात जे दिले जाते त्याचे काय? त्याचे शास्त्र होतेच, पण ते निराळ्या प्रकरणात गेले. त्याचे नाव स्त्रीधन.

१२/
मनुस्मृतीने सांगितलेले स्त्रीधनाचे सहा प्रकार पाहा. विवाहाग्नीसमोर दिलेले, सासरी जाताना दिलेले, प्रीतीने दिलेले, आणि भाऊ, आई व वडील यांच्याकडून मिळालेले. सहाही प्रकार देण्याचे. यातल्या एकाही प्रकारासाठी कोणाच्या मरणाची वाट पाहावी लागत नाही. पुढे मिताक्षरेने स्त्रीधनाची व्याख्या रुंदावून त्यात वारशाने आलेले धनही आणले, आणि स्त्रीधनाच्या वारशात मुलींना अग्रक्रम दिला.

१३/
म्हणजे मराठी घरात मालमत्तेचे दोन प्रवाह होते. जमीन, वाडा, वतन पुरुषांकडून पुरुषांकडे कागदाने जात. माळ, गडू, शालू बायकांकडून बायकांकडे हाताने जात. पहिल्या प्रवाहाची साक्ष दप्तरात सापडते. दुसऱ्याची साक्ष फक्त देण्याच्या क्षणी उच्चारली जाई: "ही माझ्या आईची, तिला तिच्या आत्याने दिलेली." तो क्षणच टाळला, तर मागे उरते ते सोनाराच्या काट्यावरचे वजन.

१४/
(मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायादाचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. तो हवाच होता आणि उशिरा आला. त्यामुळे हाताने देण्याची किंमत कमी झाली, असे मात्र मी मानत नाही.)

१५/
आता तुमच्या मनातला आक्षेप. 'समोरचे ताट द्यावे, पण बसायचा पाट देऊ नये.' ही म्हण आपल्या घराघरांत उगाच टिकलेली नाही. वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधले (१९७०) अप्पासाहेब बेलवलकर हयातीतच सर्व काही मुलांना देऊन मोकळे होतात आणि अखेर रस्त्यावर येतात. श्रीराम लागूंची ती भूमिका आपल्या आईवडिलांच्या पिढीच्या मनावर कोरली गेली आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यात तर कलम २३ मुद्दाम घालावे लागले: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, रद्द करवून घेता येते. कायद्याला असे लिहावे लागते, तेव्हा दुखणे नाटकापुरते नसते.

१६/
हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. पण म्हण नीट वाचा. ती ताट देऊ नका, असे कोठेही म्हणत नाही; उलट ते द्यावे म्हणते. राहते घर, शेत, बँकेतल्या ठेवी हा पाट झाला. तो ज्याचा त्याच्याखाली असू द्यावा. तो मागणाऱ्या नातवंडांची बाजू मी घेणार नाही. माळ, गडू, पत्रे, छायाचित्रे, अडकित्ता हे ताट. अप्पासाहेबांनी पाट दिला, ही त्यांची शोकांतिका. त्या भीतीने आपण ताटही नाकारू लागलो आहोत.

१७/
आणखी एक अडचण अधिक नाजूक आहे. वस्तू घेतली तर त्या माणसाला वाटेल की आपण त्याच्या जाण्याची वाट पाहत आहोत. मीही हेच मानत होते. आता वाटते, ती भीती बहुतेक वेळा देणाऱ्याची नसतेच, घेणाऱ्याची असते. आजीने गडू पुढे केला तेव्हा तिला मरणाचे भय नव्हते. मला होते. माझ्या भयाला मी सभ्यतेचे नाव दिले.

१८/
गेल्या वर्षी पाटण तालुक्यातल्या माझ्या मावशीआजीने मला पुतळ्यांची माळ देऊ केली. या वेळी मी दोन्ही हात पुढे केले. (पुतळी हे मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचे आपल्याकडे रूढ झालेले नाव; नाण्यावरच्या मानवाकृतींमुळे पडलेले. इटलीतले नाणे समुद्रमार्गे येऊन मराठी बायकांच्या गळ्यात विसावले. सोनारांनी पुढे त्याच घाटाच्या पुतळ्या इथेच घडवल्या. मावशीआजीच्या अर्थातच इथल्या.) माळ घेतली आणि तिच्यासमोर वही उघडली.

१९/
माळेत सतरा पुतळ्या आहेत. मूळ एकवीस होत्या. एक मोडली धाकट्या बहिणीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घालण्यासाठी. सासऱ्यांना सांगितले की आडात पडली. दुसरी ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर. भिंत बसली होती, छपराला पत्रे हवे होते. तिसरी १९७२ च्या दुष्काळात, बैलांच्या वैरणीसाठी. "माणसं सुकडीवर जगली, बैल कशावर जगायचे?" हे तिचे वाक्य मी जसेच्या तसे उतरवले आहे.

२०/
चौथ्या पुतळीचे विचारले. मावशीआजी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "ते राहू दे. ते माझं माझ्यापाशी." मी वहीत तेवढेच लिहिले: चौथी, सांगितले नाही. साधनाच्या मौनाचीही नोंद करावी, हे आम्हाला पद्धतिशास्त्राच्या तासाला शिकवले होते. त्याचा अर्थ मला तिच्या ओसरीवर समजला.

२१/
आता कल्पना करा, ही माळ तिच्या पश्चात कपाटातून निघाली असती. 'पुतळ्यांची माळ, नग सतरा, वजन इतके तोळे.' भूकंप नाही, दुष्काळ नाही, बहिणीचे शिक्षण नाही. चार पुतळ्या कमी आहेत, हेसुद्धा कोणाला कळले नसते. जे नाही त्याची नोंद कोणत्याही वस्तूवर नसते.

२२/
एका लहानशा संग्रहालयात मी काही महिने नोंदवहीचे काम केले. लोक पेट्या घेऊन येत. बहुधा आई किंवा वडील गेल्यानंतर, घर विकायच्या आधी. 'पूर्वीचा धारक' या रकान्यात मी दिवसभर एकच शब्द लिहीत असे: अज्ञात. तो धारक समोर उभ्या असलेल्या माणसाचा सख्खा पणजोबा असे, तरीही अज्ञात. जे संग्रहालयापर्यंत आले त्यांचे नशीबच म्हणायचे. बाकीची पितळ मोडीत जाते, सोने आटते, जुन्या शालूंची जर चांदीसाठी जाळली जाते.

२३/
'अज्ञात'वरून आठवले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयामागचे दिनकर केळकर (१८९६-१९९०) 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ त्यांनी संग्रहाला त्याचे नाव दिले. दिवे, अडकित्ते, वज्र्या, फणेरपेट्या. ज्या वस्तूंना कोणी इतिहास म्हणत नव्हते, त्या त्यांनी दारोदार जाऊन मिळवल्या. आणि तो सगळा संग्रह त्यांनी स्वतःच्या हयातीतच राज्य शासनाच्या हवाली केला. आयुष्यभर लोकांकडून मागणारा माणूस स्वतः मात्र वेळेवर देऊन मोकळा झाला.

२४/
राजवाड्यांचे उदाहरण तर तुम्हाला पाठ असेल. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा. पुढे एकूण बावीस खंड झाले. त्यासाठी त्यांनी गावोगावची पायपीट केली, वाळवी लागलेले रुमाल सोडवले. आपण त्या कहाण्या वाचून हळहळतो, दप्तरे बंबात घालणाऱ्यांना नावे ठेवतो, शनिवार-रविवार गडावर जाऊन फुटक्या शिळा न्याहाळतो. आणि घरी आजी म्हणते, "ह्याची एक गोष्ट आहे," तेव्हा मोबाइलमधून मान वर करीत नाही. हा टोमणा प्रथम मलाच आहे.

२५/
हे केवळ सोन्याच्या आणि सनदांच्या घरांचे प्रकरण नाही. ज्यांना जमीन नव्हती, त्यांची नावे महसुली कागदांत क्वचितच येतात. त्यांच्या घरी जाते असते, खुरपे असते, डफ असतो, गिरणीतले हजेरीचे कार्ड असते. १९८२ च्या संपात ज्यांची नोकरी गेली, त्यांतले जे आज आहेत ते सत्तरी-ऐंशीत आहेत. ते कार्ड त्यांच्या हातून घेतले, तर त्याच्याबरोबर एका खात्याचा आवाज, एका चाळीची खोली, एका मुकादमाचा स्वभाव येतो. नंतर घेतले तर केवळ पुठ्ठा येतो. अशा घरांतल्या मुलांनी तर मुळीच थांबू नये.

२६/
कसे घ्यावे, यावर थोडेसे. एकांतात घेऊ नये. ताम्रपटांत आणि महजरांत साक्षीदार उगाच नसत. चार भावंडांसमोर दिलेल्या वस्तूवरून पुढे कमी भांडणे होतात. सांगणाऱ्याचे नाव आणि दिवस घालून गोष्ट त्याच्याच शब्दांत लिहावी. दुरुस्त्या करू नयेत. मामा वेगळे सांगत असेल तर तेही खाली लिहावे. कागद वस्तूच्या डबीतच ठेवावा. मोबाइलमधले ध्वनिमुद्रण चांगलेच, पण मोबाइल बदलतो, डबी राहते. आणि घेतलेली वस्तू त्यांच्यासमोर वापरावी. माळ घालून मी मावशीआजीकडे गेले, तेव्हा तिने पहिली गोष्ट केली ती ही की तिचा फासा नीट करून दिला.

२७/
आणि समोरचे माणूस द्यायला तयार नसेल तर वस्तूचे नावही काढू नये. तिचे कपाट, तिची किल्ली. वस्तू तिच्याकडेच राहू द्यावी. गोष्ट मागता येते. ती दिल्याने देणाऱ्याचे काही कमी होत नाही, आणि तिच्यावरून भावंडांत दावे लागल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

२८/
गडूचे छायाचित्र खाली जोडले आहे. अक्षरे दिसावीत म्हणून गळ्याभोवती पीठ चोळून काढले आहे. 'ग'चा काना जरा लांब आहे आणि 'शके'तला 'श' जुन्या वळणाचा. मिरजेत किंवा मिरजेहून अन्यत्र गेलेल्या कोणाच्या घरी याच हाताचे, 'द्वा. ग.' घातलेले, शके १८५३ च्या आसपासचे एखादे भांडे असेल, तर कृपया कळवा. घरात कोणी वडीलधारे असतील तर आधी त्यांना दाखवा.